समुद्रावरची टक्कर कशी टाळायची : कोल्हापुरातून जहाजावर जाणाऱ्यांसाठी

समोरून गाडी अंगावर आली की कोल्हापूरच्या माणसाचा हात डावीकडं वळतो. शाहूपुरीच्या गर्दीत असो की गगनबावड्याच्या घाटात एसटी समोर आलेली असो, हँडल डावीकडंच जातं. तो विचार नसतो, हाताची सवय असते. समुद्रावर हीच सवय घात करते. तिथं समोरासमोर आलेली दोन्ही जहाजं उजवीकडं वळतात आणि एकमेकांना डाव्या अंगानं ओलांडतात. कागल, करवीर, शिरोळ, पन्हाळ्यातून मर्चंट नेव्हीत रेटिंग (खलाशी) किंवा डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून जाणाऱ्यांनी नियम पाठ करायला घेण्याआधी ही सवय मोडायला घ्यावी. ती मोडायला नियम पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

टक्कर टाळण्याचे हे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. १९७२ साली ते ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. उमेदवारांच्या बोलण्यात ते ‘आरओआर’, म्हणजे रूल ऑफ द रोड. सध्या एकूण ४१ नियम आणि चार परिशिष्टं आहेत. ४ ते १९ हे जहाज चालवण्याचे, २० ते ३१ दिवे आणि दिवसा टांगायच्या आकारांचे, ३२ ते ३७ भोंगे आणि इशाऱ्यांचे. तोंडी परीक्षेत नियमाचा क्रमांक विचारतात, म्हणून बहुतेक मुलं क्रमांकानं पाठ करतात. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, मात्र क्रमांक उपयोगी पडत नाही. तिथं एका क्रमानं काम चालतं: पाहा, मोजा, ओळखा, वळा, पुन्हा तपासा. खालची मांडणी त्याच क्रमानं केली आहे.

आधी घरच्या घरी एवढी तयारी करा. दोन काडेपेट्या घ्या. प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला बाण काढा, डाव्या कडेला लाल आणि उजव्या कडेला हिरवा रंग लावा. मोठ्या कागदावर ३६० अंशांचं वर्तुळ आखा. पुढची प्रत्येक परिस्थिती या दोन पेट्यांनी मांडून बघितल्याशिवाय पुढच्या परिच्छेदाकडं जाऊ नका.

पाहणं आणि वेग

नियम ५ सांगतो की डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक योग्य साधनानं सतत टेहळणी ठेवायची. ‘सतत’ या शब्दावर जोर आहे. उजेडातून अंधाऱ्या ब्रिजवर आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, म्हणून वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सुरू होण्याच्या थोडं आधी वर जायचं. मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ही तयारी वाया जाते.

रडार आणि एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) असलं तरी डोळे लागतातच. लाकडी किंवा फायबरची छोटी होडी रडारवर लाटांच्या गोंधळात हरवते, आणि एआयएस फक्त ते बसवलेल्या आणि चालू ठेवलेल्या बोटी दाखवतं. पश्चिम किनाऱ्यालगत रात्री शेकडो मासेमारी बोटी असतात. कामासाठी लावलेल्या त्यांच्या प्रखर दिव्यांत नियमाचे दिवे बुडून जातात. अशा ठिकाणी दुर्बीण आणि धीर हीच खरी साधनं.

वेग किती ठेवायचा याचा आकडा नियमात नाही. दृश्यमानता, गर्दी, आपलं जहाज किती अंतरात थांबतं आणि वळतं, रात्री मागच्या उजेडाचा त्रास, वारा, प्रवाह, पाण्याची खोली हे सगळं बघून ठरवायचं असतं. भरलेल्या मोठ्या जहाजाला थांबायला एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, पुरेलच असं नाही. दोन जहाजं प्रत्येकी १५ नॉट्सनं, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांनी, समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातलं सहा मैलांचं अंतर १२ मिनिटांत संपतं. ‘अजून लांब आहे’ असं म्हणताना हा हिशेब डोक्यात असू द्या.

बेअरिंग : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

टक्कर होणार की नाही हे अंतरावरून कळत नाही, दिशेवरून कळतं. समोरच्या जहाजाचं कंपास बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून अंशांत मोजलेली त्याची दिशा, बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार.

शिरोळकडच्या सरळ रस्त्यावर हे डोळ्यांनी बघता येतं. हंगामात ऊस तुटून गेला की रानं मोकळी होतात आणि लांबून आडव्या पाणंदीनं येणारा ट्रॅक्टर दिसतो. मोटारसायकलवर मागं बसून बघा. गाडी सरळ आणि एकाच वेगानं चालली असताना ट्रॅक्टर आरशाच्या दांडीच्या रेषेतच चिकटून राहिला आणि मोठा-मोठा होत गेला, तर पाणंदीच्या तोंडाशी तुमची गाठ पडणार. दांडीच्या पुढं सरकत गेला तर तो तुमच्या आधी निघून जाईल, मागं पडत गेला तर तुम्ही आधी निघाल. आता मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्यांकडं बघा. ट्रॅक्टर दांडीच्या पुढं गेला म्हणून निर्धास्त झालात, तर दुसरी ट्रॉली आडवी उभी राहते. नियम ७ नेमकं हेच बजावतो: फार मोठं जहाज, ओढून नेली जाणारी बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) किंवा अगदी जवळचं जहाज असेल, तर बेअरिंग चांगलं बदलत असूनही धोका असू शकतो.

जहाजावर हे काम रिपीटरवरून, म्हणजे मुख्य कंपासची दिशा दाखवणाऱ्या तबकडीवरून, करायचं. आपल्या नाकाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, होणारा कोन मोजू नका. लाटांवर जहाजाचं तोंड चार-पाच अंश इकडंतिकडं फिरत असतं आणि तेवढ्यानं कोन बदलल्याचा भास होतो. उत्तरेपासूनचं कंपास बेअरिंगच घ्या. दर तीन ते सहा मिनिटांनी वेळ, बेअरिंग आणि अंतर असे तीन आकडे लिहा. सहा मिनिटं सोयीची, कारण तो तासाचा दहावा भाग आहे. १२ नॉट्सचं जहाज तेवढ्यात १.२ मैल जातं, आकडेमोड तोंडी होते. एकाच नोंदीवरून किंवा रडारच्या अर्धवट माहितीवरून निष्कर्ष काढू नका, असं नियमातच म्हटलं आहे. शंका असेल तर धोका आहे असंच धरायचं.

सरावाला रंकाळा पुरतो. बोटिंग चालू असताना काठानं सरळ चालत जा, हातात साधा कंपास घ्या, एक होडी निवडा आणि दर अर्ध्या मिनिटाला तिची दिशा वहीत टिपा. पहिल्या दिवशी आकडे चुकतील. आठवड्याभरात बेअरिंग वाढतंय की घटतंय हे वही न बघता सांगता येऊ लागतं.

समोर काय आहे हे ओळखणं

रात्री जहाज दिसत नाही, दिवे दिसतात, आणि प्रत्येक दिवा ठरावीक कोनातूनच दिसतो. डोलकाठीवरचा पांढरा मास्टहेड दिवा पुढच्या २२५ अंशांत, डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा प्रत्येकी ११२.५ अंशांत, मागचा पांढरा स्टर्नलाइट १३५ अंशांत. ११२.५ म्हणजे ऐन समोरपासून काटकोनाच्या मागं २२.५ अंशांपर्यंत. काडेपेटीवर ही रेष आखून घ्या, कारण पुढचा सगळा निवाडा तिच्यावर होतो.

५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला दोन मास्टहेड दिवे लागतात, मागचा पुढच्यापेक्षा उंच. हे दिवे किमान सहा मैलांवरून आणि बाजूचे रंगीत दिवे किमान तीन मैलांवरून दिसले पाहिजेत. म्हणून लांबच्या जहाजाची दिशा आधी दोन पांढऱ्या दिव्यांवरून कळते. ते एकावर एक आले तर जहाज थेट तुमच्याकडं तोंड करून आहे. बुटका दिवा डावीकडं आणि उंच दिवा उजवीकडं असेल, तर त्याचं तोंड तुमच्या डावीकडं आहे आणि जवळ आल्यावर लाल दिसेल.

एकमेकांना दिसणाऱ्या दोन यांत्रिक जहाजांच्या परिस्थिती तीनच. तुम्ही दुसऱ्याच्या मागच्या १३५ अंशांतून येत असाल, म्हणजे रात्री त्याचा फक्त स्टर्नलाइट दिसत असेल, तर तुम्ही ओव्हरटेक करताय. त्याला पूर्ण ओलांडून लांब जाईपर्यंत वाट देण्याची जबाबदारी तुमची, मधे कोन बदलून तो आडवा वाटायला लागला तरीही. समोरासमोर असाल, लाल-हिरवा दोन्ही दिसत असतील, तर दोघांनी उजवीकडं वळायचं. आडवे येत असाल, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्यानं वाट द्यायची, आणि होता होईल तो त्याच्या पुढून जायचं नाही. हे लक्षात ठेवायला दसरा चौकातला सिग्नल पुरे: उजवीकडून आडवा येणारा तुम्हाला आपला लाल दिवा दाखवत असतो, म्हणून तुम्ही वाट द्यायची. ओव्हरटेक आहे की आडवं, अशी शंका आली तर ओव्हरटेक धरा. समोरासमोर आहे की नाही, अशी शंका आली तर समोरासमोर धरा.

रस्त्यावर मोठ्या गाडीला सगळे वाट देतात. समुद्रावर तसं नाही. तीनशे मीटरचं कंटेनर जहाजही खुल्या पाण्यात जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला वाट देतं. कुणी कुणाला वाट द्यायची हे वळण्याची मोकळीक कुणाला कमी आहे यावर ठरतं. यांत्रिक जहाज शिडाच्या होडीला वाट देतं, शिडाची होडी मासेमारीत गुंतलेल्या बोटीला, आणि हे तिघंही ज्याचा ताबा सुटला आहे किंवा कामामुळं ज्याला वळता येत नाही अशा जहाजाला. ताबा सुटलेल्या जहाजावर एकाखाली एक दोन लाल दिवे, दिवसा दोन काळे गोळे. कामात अडकलेल्यावर लाल-पांढरा-लाल, दिवसा गोळा-चौकट-गोळा. पाण्याच्या कमी खोलीमुळं मार्ग सोडता येत नाही अशा जहाजावर तीन लाल, दिवसा सिलिंडर. ट्रॉलरवर वर हिरवा, खाली पांढरा. इतर मासेमारी बोटीवर वर लाल, खाली पांढरा. दिवसा दोघींवरही टोकाला टोक जोडलेले दोन शंकू. जाळं बोटीपासून १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा लागतो. ट्रॉलिंग न करणाऱ्या बोटीलाच तो लागतो, हे परीक्षेत हमखास विसरतं. जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटच्या बोटीवर वर पांढरा, खाली लाल, म्हणजे मासेमारीच्या नेमकं उलट. एकाच्या जागी दुसरं वाचणं ही नेहमीची चूक आहे.

वळणं : एका उदाहरणाचा हिशेब

तुम्ही ००० वर, म्हणजे ऐन उत्तरेला, १२ नॉट्सनं चालला आहात. २०:०० वाजता एक जहाज बेअरिंग ०४५ वर, अंतर ८.५ मैल. २०:०६ ला बेअरिंग ०४५, अंतर ६.८. २०:१२ ला बेअरिंग ०४५, अंतर ५.१. ते पश्चिमेला, तेवढ्याच वेगानं चाललं आहे. बेअरिंग हललेलं नाही आणि अंतर दर सहा मिनिटांना १.७ मैलांनी कमी होतंय. काही केलं नाही तर २०:३० ला टक्कर. ते तुमच्या उजव्या अंगाला आहे, म्हणून वाट तुम्ही द्यायची.

नवख्याचा हात इथं जहाज १० अंश उजवीकडं वळवतो, आणि काम झालं असं त्याला वाटतं. हिशेब करून बघा: १० अंशांत ते जहाज तुमच्यापासून जेमतेम ०.४ मैलांवरून जाईल. त्याच क्षणी ६० अंश वळलात, तर अंतर अडीच मैल राहील. पण फरक नुसत्या अंतराचा नाही. समोरच्या ब्रिजवरून बघा. तुम्ही वळण्याआधी त्याला तुमचे दोन मास्टहेड दिवे लांब-लांब दिसत होते आणि जवळ आल्यावर तुमचा हिरवा दिसला असता. १० अंश वळल्यावर त्याच्या डोळ्यांना काहीच बदललेलं नाही, हिरवीच बाजू त्याच्याकडं आहे. ६० अंश वळल्यावर दोन्ही पांढरे दिवे जवळजवळ एका रेषेत येतात, हिरवा मावळतो आणि लाल उगवतो. तुम्ही काय केलंत हे त्याला रेडिओवर विचारावं लागत नाही.

नियम ८ ची सगळी भाषा यासाठीच आहे: कृती ठाम असावी, वेळेत असावी, समोरच्याला डोळ्यांनी किंवा रडारवर चटकन कळेल एवढी मोठी असावी. पाच-पाच अंशांचे हप्ते पाडू नयेत. उजवीकडं जागा नसेल तर वेग कमी करा किंवा थांबा, मात्र नुसता वेग कमी केलेला समोरच्याला उशिरा कळतो हे धरून चाला. वळताना एक छोटा भोंगा द्या, म्हणजे ‘मी उजवीकडं वळतोय’. दोन छोटे म्हणजे डावीकडं, तीन म्हणजे इंजिन मागं चालवतोय. छोटा भोंगा सुमारे एक सेकंदाचा, लांब चार ते सहा सेकंदांचा. वळल्यावरही बेअरिंग घेत राहा, आणि ते जहाज पूर्ण ओलांडून मोकळं होईपर्यंत जुन्या मार्गावर येऊ नका. घाईनं परत वळल्यानं टळलेली टक्कर पुन्हा समोर उभी राहते.

वाट मिळणाऱ्याचं काम

ज्याला वाट मिळायची आहे त्यानं दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. रस्त्यावर वाढलेल्या माणसाला हे अवघड जातं, कारण तिथं दोघंही शेवटपर्यंत चुकवत असतात. इथं तुम्ही उगाच वळलात तर समोरच्याचा हिशेब बिघडतो. नियम १७ चे टप्पे मात्र नीट समजून घ्या. आधी स्थिर राहा. समोरचा काही करत नाही असं वाटलं की लगेच किमान पाच छोटे, झपझप भोंगे द्या आणि रात्री दिव्यानंही तसाच इशारा करा. तो वाट देत नाही हे स्पष्ट झालं की तुम्ही स्वतः कृती करू शकता. आणि इतके जवळ आलात की एकट्या त्याच्या वळण्यानं टक्कर टळणार नाही, तर कृती करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आडवा येणारा डाव्या अंगाला असेल तर स्वतः डावीकडं वळू नका. तो उशिरा जागा झाला तर उजवीकडंच वळेल, आणि दोघं एकाच ठिकाणी जाऊन पोचाल.

धुकं

बरीच मुलं इथं गोंधळतात. धुक्यात, मुसळधार पावसात, जहाजं एकमेकांना डोळ्यांनी दिसत नसतील तेव्हा वर सांगितलेली वाट देण्याची उतरंड लागूच होत नाही. ‘तो वाट देणारा, मी स्थिर’ असं कुणी नसतं. रडारवर दिसलेल्या जहाजाशी फार जवळून गाठ पडणार असेल, तर दोघांवरही वेळेत टाळण्याची जबाबदारी आहे. काटकोनाच्या पुढं असलेल्या जहाजासाठी, तुम्ही त्याला ओव्हरटेक करत नसाल तर, डावीकडं वळणं टाळा. शेजारी किंवा मागं असलेल्याच्या दिशेनं वळणंही टाळा. समोरच्या बाजूनं धुक्याचा भोंगा ऐकू आला आणि धोका नाही अशी खात्री नसेल, तर सुकाणू जेमतेम ऐकेल एवढाच वेग ठेवा, गरज पडली तर पूर्ण थांबा.

चालत्या यांत्रिक जहाजानं दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा. इंजिन थांबवून तरंगत असेल तर दोन लांब, मधे साधारण दोन सेकंद. ताबा सुटलेलं, मासेमारी करणारं, शिडाचं, ओढणारं जहाज एक लांब आणि दोन छोटे देतं. हा आवाज आला की समोरच्याला वळता येणार नाही असं समजायचं.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टुकेट बेटाजवळ आन्द्रेया दोरिया आणि स्टॉकहोम ही प्रवासी जहाजं धडकली. ५१ माणसं गेली. दोन्ही जहाजांवर रडार होतं आणि दोघांनी एकमेकांना रडारवर आधीच पाहिलं होतं. आन्द्रेया दोरिया अंतर वाढवायला थोडी डावीकडं वळली, स्टॉकहोम उजवीकडं वळली. छोटं वळण आणि तेही डावीकडं, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं ते काडेपेट्यांनी मांडून बघा.

अरुंद वाट

बंदराच्या तोंडाशी आणि खाडीत आपल्या उजव्या कडेला, सुरक्षित असेल तेवढं चिकटून जायचं. २० मीटरपेक्षा छोट्या आणि शिडाच्या बोटींनी फक्त त्याच खोल वाटेतून जाऊ शकणाऱ्या जहाजांना अडवू नये, मासेमारी बोटींनीही नाही. दुहेरी मार्ग आखलेल्या भागात आडवं जायचंच असेल तर जहाजाचं तोंड काटकोनात ठेवा. प्रवाहानं मार्ग तिरपा झाला तरी चालेल. तोंड तिरपं करून मार्ग काटकोनात आणणं हे चूक.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्याला लागलं आणि बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. गर्दीच्या वाटेवर व्हीएचएफ रेडिओवर बोलून नियमाविरुद्ध काही ठरवायचा मोह होतो. तो आवरा. बोलणारा नेमका कोणत्या जहाजावरचा आहे याची खात्री रात्री होत नाही, आणि बोलण्यात गेलेली दोन मिनिटं वळण्याला कमी पडतात.

हे सगळं झालं की एका संध्याकाळी आंबा घाट उतरून रत्नागिरीला जा. रत्नदुर्गावरून मिरकरवाडा बंदर दिसतं. मासेमारीची पावसाळी बंदी नसताना, अंधार पडायच्या आधी दुर्बीण, कंपास आणि वही घेऊन बसा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीसाठी चार रकाने भरा: कोणते दिवे, कोणती बाजू आपल्याकडं, बेअरिंग वाढतंय की घटतंय, आणि मी तिच्या समोरच्या जहाजावर असतो तर कोणता भोंगा दिला असता. ज्या बोटीचे दिवे नियमात बसत नाहीत तिच्यापुढं ‘ओळखली नाही’ असं लिहा आणि ती नजरेआड होईपर्यंत तिचंच बेअरिंग घेत राहा.